डाख

म्हापशात शुक्रवार. खाली बाजारात
सुकी सुंगटं, मातीची बुडकुली, मिरच्यांचा खकाणा
आणि वर दुसऱ्या मजल्यावर मी,
आडवा, तोंड वासून.

उजवीकडची शेवटून दुसरी दाढ केव्हाच मोडली.
खुंट तेवढा उरलाय हिरडीत,
भरतीत बुडालेल्या मानशीच्या खांबासारखा.
डॉक्टर ग्लेंडा काब्राल म्हणाली,
'हिरडी जराशी मागे सारू, खुंट उघडा करू, मग टोपी.
सुरी नाही, टाके नाहीत. लेझर.'
मी विचारलं, कितीला?
सोनार आहे. आधी भाव विचारतो.
आणि टोपी सोन्याची?
ती हसली. 'सोन्याची आता कोण बसवतो, शेट.'

चष्मे चढले. मला एक, तिला एक,
नळी धरणाऱ्या पोरीलाही एक.
आमच्या दुकानात असा एखादा असता
तर बाबांना शेवटी माणसं आवाजावरून ओळखावी लागली नसती.

सोनाराने कान टोचलेले बरे, म्हणतात.
अर्ध्या बार्देसाच्या तान्ह्यांचे मी टोचले.
सुई धरताना हात कधी हलला नाही.
आज खुर्चीचा दांडा धरलेला तोच हात
घामाने निसटत होता.

तिच्या बोटांत पेनाएवढी कांडी,
टोकाला केसासारखी तार,
आणि हातमोज्यावर एक लाल ठिपका.
'हा दिसतो ना, हा कापत नाही,' ती म्हणाली,
'हा नुसती वाट दाखवतो.
कापतो तो उजेड दिसतच नाही.'

हे मला नको सांगू, पोरी.
ज्योतीतलं पिवळं असतं ते गिऱ्हाइकासाठी.
सोनं पाणी होतं ते निळ्याच्या टोकाशी,
जिथे दिवसाउजेडी
हवा जराशी थरथरते, एवढंच.

बारीक टीट टीट. केस जळाल्याचा वास.
मी डोळ्यांनी विचारलं, रक्त?
तिने कापूस दाखवला. पांढरा.
कापता कापता डाख देत चालली होती ती.
असा हात मी एकाच माणसाचा पाहिला होता.

मग ती बोलायला लागली.
हे लोक नेमके तेव्हाच बोलतात
जेव्हा आपल्याला बोलता येत नाही.
'माझ्या आजोबांचा दात होता सोन्याचा.
हळदोण्याचे आम्ही. आजोबा तारवटी, बोटीवर.
इथल्याच एका शेटने केलेला, एका पौंडातून,
आजीची वळी आणि हा दात.
हसले की आधी दात हसायचा.
पुरलं तेव्हा आजी म्हणाली, शुद्ध सोनं आहे,
पण राहू दे त्यांच्याकडे.'

कायतान काब्राल.
मी नऊ वर्षांचा, भात्यापाशी.
पौंड मुशीत लाल झाला, मग पांढुरका,
आणि बाबांनी माझ्याकडे न बघता
दोन गुंजा तांबं आत टाकलं,
दोन गुंजा सोनं बाहेर ठेवलं.
'निव्वळ सोन्याने चावता येत नाही,' म्हणाले, 'मऊ पडतं.'
ते खरंच होतं.
त्या दोन गुंजा ताईच्या नथीत गेल्या,
तेही खरं.
नथ अजून आहे.

'दुखता?'
माझ्या डोळ्यांतून पाणी आलं होतं.
मी मान हलवली. ना.

'झालं. चूळ भरा. आता बोला पाहिजे ते.'
पाणी गुलाबीसुद्धा झालं नाही.
बोलायला तोंड मोकळं होतं.
हळदोण्याच्या मातीत कसोटीचा दगड
कोण घेऊन जाणार आहे?
मी म्हणालो, 'हात स्वच्छ आहे तुझा.'

खाली उतरून काउंटरवर पैसे दिले.
घासाघीस केली नाही.
परत आलेले सुटे मोजलेही नाहीत.
पोरगी बघतच राहिली.

जिन्यात जीभ आपसूक तिथे गेली.
कोमट. गुळगुळीत.
जोड कुठे आहे
ते सापडेना.